नकाशावरचं तोंड

"माणूस कशाला हुडकायलाव? हा बसलाय की समोर."

बापूसाहेबांनी बसल्या जागेवरून माझ्याकडं बोट केलं. नगरपंचायतीचं सभागृह. टेबलाच्या एका टोकाला मी, समोर माझा लॅपटॉप. गावाच्या विकास आराखड्याची पुस्तिका आणि फ्लेक्स करायचं काम माझ्याकडं होतं. मी तिथं डिझायनर म्हणून बसलो होतो, निदान तसा माझा समज होता.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक सामान्य नागरिक हवा होता. पुण्याहून आलेले सल्लागार सर म्हणत होते, ऊसतोड कामगार घेऊ, या जिल्ह्याची ओळखच ती आहे, लोकांना आपलंसं वाटेल. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की ऊसतोड कामगार गावात नव्हता. दसऱ्यानंतर तो गावात नसतोच.

सल्लागार सरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं पाहिलं. रंगाचा नमुना उजेडाला धरून बघतात, तसं पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "अगदी अस्सल वाटतो."

शिपायाच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्याला गुंडाळला गेला. फोटोग्राफरनं मला भिंतीजवळ उभं केलं. तेवढ्यात बापूसाहेब म्हणाले, "त्याचा शर्ट काढा आधी. इस्त्रीच्या शर्टात ऊस तोडतेत व्हय?"

सगळे हसले. सल्लागार सरही हसले, पण जरा बेतानं, पुण्याचे असल्यामुळं. कोपऱ्यातल्या लिपिक बाईंनी मान खाली घातली आणि कुठलातरी कागद उगाच नीट केला. मी शर्ट काढला. बनियनवर उभा राहिलो. भर सभेत, भर दुपारी.

"हात जोड. हस. इतकं न्हाई, थोडं."

मी थोडं हसलो.

फोटो माझ्याच लॅपटॉपवर आला. कारण कापाकापीचं काम माझंच. मागची भिंत, पंखा, थोर पुरुषांच्या तसबिरी, सगळं उडवून फक्त मला बाजूला काढायचं. मी शर्ट घातला, खुर्चीत बसलो आणि स्वतःच्या कानाच्या कडेनं, मानेच्या कडेनं, जोडलेल्या हातांच्या कडेनं माउस फिरवत गेलो. बापूसाहेब मागं येऊन उभे राहिले.

"जरा काळा कर," ते म्हणाले. "उनातला वाटला पाह्यजे."

इथं धंद्याचं एक सांगायला हवं. मी परळीत एका फ्लेक्सच्या दुकानात काम शिकलो. तिथं नवा पांढरा फ्लेक्स बाहेर टांगला की वीज केंद्राच्या राखेनं आठवड्यात पार मळून जायचा. नेत्याच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग राखेसारखाच व्हायचा आणि कार्यकर्ते आम्हाला शिव्या द्यायचे, शाई हलकी वापरली म्हणून. पुढं मी आमच्या गावी स्वतःचं दुकान टाकलं. वाढदिवस, नेमणूक, निधन, बैलपोळा, दहावीचा निकाल, सगळ्याचे फ्लेक्स केले. शेकडो तोंडं माझ्या हाताखालून गेली. या सगळ्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकानं मला एकच वाक्य सांगितलंय: थोडं उजळ करा. उन्हात रापलेला सरपंच असो नाहीतर दुधाची डेअरी चालवणारा, सगळ्यांना मी गोरं केलं. मेलेल्या माणसांनाही गोरं केलं.

काळं करायला मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. आणि ते तोंड माझं होतं.

मी काळं केलं.

गावाचं नाव सांगत नाही. बीडहून वडवणीच्या किंवा नेकनूरच्या, कुठल्याही बाजूला निघालात तरी असं एक गाव लागेल. तिथं नगरपंचायत असते, अध्यक्षपद बाईंना राखीव असतं आणि खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात. बापूसाहेब म्हणजे ते यजमान. अध्यक्षबाईंना मी समोरासमोर दोनदाच पाहिलंय, पण त्यांचा चेहरा मला माझ्या हातापेक्षा जास्त पाठ आहे. हनुवटीखालची सावली कुठं पुसायची, ते मी झोपेतही सांगेन. त्यांचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही.

मी ज्या वस्तीत वाढलो ती गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं. पत्र्याची घरं, काही अर्धी विटांची. सगळी ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, भांडी-अंथरुणं-शेळ्या-लेकरं चढतात आणि वस्ती रिकामी होते. जायच्या आदल्या दिवशी बाया चूल सारवतात, दाराला कुलूप घालतात आणि दारापुढं बाभळीच्या काट्या टाकतात, कुत्री-डुकरं शिरू नयेत म्हणून. मागं दोन-चार म्हाताऱ्या राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे परत येतात, काट्या ओढून बाजूला टाकतात, कुलूप उघडतात. आमच्याकडं वर्ष असं सुरू होतं. माझी माय अजून जाते. बाप गेल्यावर ती भावाच्या कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या पाचटाच्या झोपडीत, स्वैपाक करते, त्याची लेकरं बघते. मी तेवढा सुटलो. शाळेच्या एका मास्तरांनी वाचनालयाची सवय लावली आणि संगणकानं पोटाला लावलं. दुकानामागच्या खोलीत राहतो, कारण वस्तीवरची वीज मशिनाला पुरत नाही.

हे सगळं बापूसाहेबांना माहीत होतं. म्हणून तर बोट नेमकं माझ्याकडं आलं.

पुस्तिका झाली. मग मुख्य काम आलं: आराखड्याचा मोठा नकाशा. तो कार्यालयाच्या बाहेर फ्लेक्सवर लावायचा होता, म्हणजे लोक तो बघतील आणि हरकती, सूचना देतील. त्याला मुदत होती. ती मुदत ऊस संपायच्या कितीतरी आधी संपत होती. मी सहज म्हणून विचारलं, तारीख कशी काय ठरवली. बापूसाहेब म्हणाले, "मुहूर्त बघून." आणि हसले. मला कुणी कारण नसताना हसलं की संशय येतो. धंद्यामुळं लागलेली खोड आहे. दिवसभर हसरी तोंडं मोठी करून बघणाऱ्या माणसाला हसू कुठवर पोचलंय ते कळायला लागतं.

नकाशाची फाईल रात्रीतून आली होती. सकाळी दुकान उघडून मी ती पडद्यावर घेतली. पिवळं म्हणजे राहायचं, निळं म्हणजे दुकानांचं, हिरवं म्हणजे बगीचा नि मैदान. मी आधी ओढा शोधला. प्रत्येक माणूस नकाशात आधी आपलं घर शोधतो, यात काही विशेष नाही.

ओढ्यापलीकडं हिरवं होतं.

सगळं हिरवं. आरक्षण, उद्यान. त्याच्या वरच्या अंगाला, बापूसाहेबांच्या प्लॉटिंगवर, स्वच्छ पिवळं. बगीच्याच्या समोरचे प्लॉट. जाहिरात तर मीच केली होती त्याची, मागच्या वर्षी: 'निसर्गाच्या सान्निध्यात आपलं घर'. तेव्हा मला प्रश्न पडला होता, निसर्ग कुठाय? आता उत्तर मिळालं. निसर्ग म्हणजे आम्ही उठल्यावर उरेल तो.

फाईलीत दुसराही नकाशा होता, आज कुठं काय आहे त्याचा. त्यात आमच्या वस्तीवर करड्या रेघा मारल्या होत्या. खाली खुलासा: 'रिकामी, वापरात नसलेली बांधकामे'. आणि मला आठवलं. मागच्या थंडीत सल्लागारांची पोरं टॅब घेऊन गावभर फिरत होती. थंडीत. तेव्हा वस्तीवर त्यांना काय दिसलं असेल? बंद दारं. दारापुढं काट्या. एखादी म्हातारी उन्हाला बसलेली. शहरात दारापुढं काट्या पडलेलं घर म्हणजे सोडून दिलेलं घर. आमच्यात दारापुढं काट्या म्हणजे मालक परत येणार आहे, असा निरोप. त्या पोरांना तो निरोप वाचता आला नाही. त्यांचं मी समजू शकतो. बापूसाहेब इथलेच आहेत. त्यांना तो वाचता येतो.

दुपारी मी लॅपटॉप घेऊन सभागृहात गेलो. फोटो कुठं टाकायचे ते ठरवायचं होतं. कारण नकाशा असला तरी तो फ्लेक्स होता आणि आमच्याकडं फ्लेक्स तोंडाशिवाय होत नाही. तोंडांचा क्रम ठरलेला असतो. वर मुंबईचे, मग जिल्ह्याचे, मग गावचे, कोपऱ्यात शुभेच्छुक. कुणाचं तोंड कुणाहून मोठं झालं तर रात्रीतून फ्लेक्स फाटतो. नकाशात काय आहे यावर त्या टेबलावर कुणी वाद घातला नाही. फोटोच्या आकारावर चहा दोनदा आला.

शेवटी बापूसाहेबांनी पडद्यावर बोट टेकलं. "म्याडमचा इथं खाली, मोठा. आन ह्यो लाभार्थी इकडं वर टाक. हिरव्यावर लई उठून दिसतोय."

मी बघितलं. डोक्याला टॉवेल, अंगात बनियन, जोडलेले हात. काळा केलेला मी. त्यांचं बोट ओढ्यापलीकडं होतं. माझ्या तोंडाच्या मापात आमची सगळी वस्ती बसत होती. आमचं घर साधारण कपाळाखाली येत होतं.

शर्ट काढायला लावला तेव्हा मी काढला. काळं कर म्हणाले, केलं. त्या दोन्ही वेळी मी मनात म्हणालो, पोटाचा धंदा आहे, चालायचंच. पण आता जे मागत होते ते निराळं होतं. माझंच तोंड झाकण म्हणून हवं होतं. उद्या माय परत येऊन विचारणार, आपलं घर कुठं आहे यात? आणि तिथं मी हात जोडून हसत असणार.

"तिथं न्हाई टाकणार," मी म्हणालो.

"कावून बे?"

"त्याच्या खाली माझं घर हाय."

सल्लागार सरांनी घसा साफ केला. "हे बघ, हा फक्त प्रारूप आराखडा आहे. अंतिम नाही. आणि आमच्या सर्वेक्षणात तिथं वापरातलं काही आढळलेलं नाही."

"सर, तुमी थंडीत आलतात."

"मग?"

"थंडीत आमी ऊस तोडत असताव."

सर बापूसाहेबांकडं बघायला लागले. त्यांना बहुधा खरंच ठाऊक नव्हतं. बापूसाहेबांनी मात्र सुपारी तोंडात टाकली, सावकाश. मग म्हणाले, "घर म्हणतोस. पत्रे हायत ते. आन त्येबी रिकामे. उगं डोकं चालवू नको. तुला डिझाईन सांगितलंय, त्येवढं कर."

"मतदानाला गाड्या पाठवून आणता तवा रिकामे नसतेत ते पत्रे," मी म्हणालो. "तवा कोणत्या कोपीवर कोण हाय ते तुमच्या पोरायला पाठ असतं."

लिपिक बाईंनी या वेळी मान वर केली होती. मी लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळली, नीट, घाई न करता.

"दुसरा भेटंल बे," बापूसाहेब मागून म्हणाले. "फ्लेक्सवाले पैशाला पासरी झालेत."

दुसरा भेटलाच. आठवडाही गेला नाही आणि कार्यालयाच्या भिंतीवर फ्लेक्स चढला. माझा फोटो त्यांच्याकडं होताच. ओढ्यापलीकडं, हिरव्यावर, मी. त्या डिझायनरनं कडा वाईट कापल्या होत्या, एक कान अर्धा गेला होता. बाजारच्या दिवशी ओळखीची माणसं दुकानात डोकावून म्हणाली, "काय बे, फ्लेक्सवर आलास की. लई मोठा झालास." ते थट्टा करत नव्हते. खरंच खूश होते. आमच्याकडं फ्लेक्सवर येणं म्हणजे काहीतरी होणं असतं. नकाशा कुणीच वाचला नव्हता. सर्व्हे नंबर, बारीक अक्षरं, आणि मध्ये एवढी तोंडं.

मी मायला फोन लावला. ती कर्नाटकात होती, कारखान्याच्या माळावर. मागं टोळीचा गलका, शेळीचं ओरडणं.

"माय, आपल्या वस्तीवर बगीचा करायलेत."

"मंग आमी कुठं बसायचं? झाडावर?"

"ते म्हणतेत घरं रिकामी हायत."

ती म्हणाली, "कुलूप लावून आले ना मी. कुलूप लावलेलं घर रिकामं असतं व्हय? त्यो तुझा बापूसायेब तिरुपतीला जातो तवा त्याच्या बंगल्याला कुलूप असतं. तवा कोण बगीचा करतंय का त्याचा?"

मी म्हणालो, तू ये, हरकत दे. ती म्हणाली, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय तो कोपीवरून हलू देतो होय. खरं होतं. मुदत संपत होती तेव्हा तोडीला गेलेलं एकही माणूस गावात येऊ शकत नव्हतं. हाच तो मुहूर्त.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

"हाय की. कमरेला."

"तिचा फोटो काढून पाठव. तुझ्यासकट."

भावानं फोटो पाठवला. कोपीच्या दारात माय उभी, मागं उसाच्या पाचटाचा ढीग, पुढं केलेल्या हातात किल्ली. ती हसत नव्हती. तिला कुणी थोडं हस म्हणालं नव्हतं. मी तो फोटो उजळ केला नाही, काळाही केला नाही. आहे तसा ठेवला. धंद्यात पहिल्यांदा.

मग भावानं टोळ्यांमध्ये निरोप फिरवला. माझ्या फोनवर किल्ल्या यायला लागल्या. कुणाची करदोड्याला बांधलेली, कुणाची पोराच्या गळ्यात, एका आजीची पानाच्या चंचीत चुना लागलेली. एका जोडप्यानं भांडून दोन फोटो पाठवले, कारण किल्ली कुणाकडं असते यावर त्यांचं एकमत नव्हतं. कुणी इंदापूरकडून, कुणी सांगलीच्या पलीकडून, कुणी कर्नाटकातून. माणसं कुठं कुठं होती, दारं सगळी इथली होती.

मी नकाशा नव्यानं काढला. एकही सर्व्हे नंबर मोठा केला नाही. ओढा, मारुतीचा पार, शाळेची पडकी भिंत, हातपंप, आणि मग घरं, एकेक. प्रत्येक घरावर त्याच्या मालकाचा किल्ली धरलेला फोटो. वर कुणी नेता नाही, खाली कुणी शुभेच्छुक नाही. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना तो दाखवला. त्यांनी बोटानं घरं ओळखली, माझ्या दोन चुका काढल्या. मी त्या सुधारल्या. हरकतीच्या अर्जाखाली म्हाताऱ्यांनी अंगठे केले.

मुदतीच्या आत मी तो नगरपंचायतीत नेला. आवक टेबलावर त्याच लिपिक बाई होत्या. त्यांनी कागद उलगडला आणि बराच वेळ बघत राहिल्या. आतून सल्लागार सर आले. म्हणाले, "हे विहित नमुन्यात नाही."

"विहित नमुन्यातला अर्ज मागं जोडलाय, सर. हा फक्त डिझाईन हाय."

बापूसाहेब दारात उभे होते. "पाहू की सुनावणीत," एवढंच म्हणाले. आवाज गोड होता. मला त्यांचा गोड आवाज आवडत नाही.

"बाई, शिक्का मारा," मी म्हणालो.

बाईंनी बापूसाहेबांकडं पाहिलं नाही. शिक्का मारला.

सुनावणी अजून व्हायची आहे. काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे त्यानं माझा विश्वास वाढत नाही. सुनावण्यांच्या बातम्या मी वाचतो. त्यांत 'नोंद घेण्यात आली' हे वाक्य फार असतं.

पण एक काम राहिलं होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, मी चहावाल्याचं स्टूल मागून घेतलं आणि कार्यालयाच्या भिंतीशी लावलं. खिशातून कटर काढला. चौकीदार धावत आला.

"काय करायलास रे?"

"माझं तोंड न्यायला आलोय."

"परवानगी हाय का?"

"लावताना माझी घेतलती का?"

तो खाली उभा राहिला, डोकं खाजवत. बाजारातली माणसं जमली. मी कानापासून सुरुवात केली, त्या अर्ध्या कानापासून. मान, खांदा, जोडलेले हात. या वेळी कडा नीट कापल्या. तोंड निघून हातात आलं. खाली मला वाटलं होतं तसं घर दिसलं नाही; फ्लेक्सखाली कार्यालयाची भिंत होती, पोपडे आलेली. त्या भोकात मी आमचा नकाशा चिकटवला, किल्ल्यांचा. माणसं जवळ आली. कुणीतरी बोट ठेवून म्हणालं, "आरं, ही तर आमच्या तुळसाची सासू." आणि मग पहिल्यांदा त्या भिंतीसमोर उभं राहून लोक नकाशा वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी कागद फाडलेला होता. मी दुसरा चिकटवला. तोही गेला. तिसरा लावलाय.

कापून आणलेलं तोंड दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर टांगलंय, काळं केलेलं, टॉवेलसकट. नगरपंचायतीचं काम बंद झालं. वाढदिवसवालेही कमी झालेत. जे येतात त्यांना मी सांगतो, तोंड हवं तेवढं मोठं करून देईन, हवं तेवढं गोरं करून देईन. पण ज्या कागदावर कुणाचं घर आहे, त्यावर मी तोंड लावणार नाही. साहेबाचं नाही, म्याडमचं नाही, माझं तर नाहीच.

आणि ऊस संपून वस्ती परत येईपर्यंत तो नकाशा भिंतीवर राहील. ते रोज फाडतील. मी रोज लावीन. छापायचं यंत्र माझं आहे.